अ ब ज द आणि अ ब क ड



या मालेत संतवाङ्मयावर, निजामी दप्तरांवर, मुक्तिलढ्यावर भाषणे होतात. मी भूमितीतल्या एका प्रमेयावर बोलणार हे पत्रिकेत वाचून एका स्नेह्याने फोन केला आणि विचारले, ‘छपाईची चूक तर नाही ना?’ चूक नाही. प्रमेय तुम्ही आम्ही सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले, की व्युत्क्रम कोन समान होतात, संगत कोन समान होतात, आणि छेदिकेच्या एका बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज 180 अंश भरते. आज मला सांगायचा आहे तो या प्रमेयाचा आपल्या गावापर्यंतचा प्रवास. तो आपल्या घरांतून गेलेला आहे.

आकृतीसाठी फळ्याची गरज नाही. आपण बसलो आहोत ते हिमायतनगरच पुरे. सातव्या निजामांच्या थोरल्या चिरंजीवांचे, हिमायत अली खान आजम जाह यांचे नाव या वस्तीला मिळाले. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना मात्र नावे नाहीत, नुसते नंबर आहेत. मुख्य रस्ता ही छेदिका समजा आणि लागोपाठच्या दोन गल्ल्या समांतर समजा. (समजाच. नकाशावर त्या समांतर असतीलही, पण नंतर कुंपणांच्या भिंती कशा पुढे सरकतात हे इथल्या जुन्या रहिवाशांना मी सांगायला नको.) पहिली गल्ली रस्त्याला 70 अंशांत मिळत असेल, तर तिच्याशेजारचा कोन 110, समोरचा पुन्हा 70, उरलेला 110. आता दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मोजण्याची गरज उरत नाही. तिथेही 70, 110, 70, 110. एक कोन मोजला, आठ कळले. न पाहिलेल्या ठिकाणाबद्दल घरबसल्या खात्रीने बोलता येणे, हे या प्रमेयाचे बळ. त्या ‘खात्रीने’ शब्दाखाली किती शतकांची कुरकुर दडलेली आहे, ते पुढे येईलच.

या विषयाकडे मी वळलो तो एका वहीमुळे. आमचे आजोबा परभणीकडून शिकायला हैदराबादेत आले ते इथलेच झाले. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू, असा आपल्या बहुतेकांच्या घरचा तो काळ. त्यांची शाळेतली भूमितीची वही आमच्या ट्रंकेत राहिली होती. ती उजवीकडून उघडते. आत सुबक उर्दू अक्षरात प्रमेये आहेत. आजोबा भूमितीला भूमिती कधीच म्हणाले नाहीत, ‘उक्लीदस’ म्हणत. युक्लिडचे ते अरबी रूप. वहीत समांतर रेषा आहेत त्या ‘मुतवाजी खुतूत’, छेदिका ‘खत-ए-काते’, काटकोन ‘जाविया कायमा’, आणि आपले व्युत्क्रम कोन ‘जाविये मुतबादिला’. मुतबादिला म्हणजे अदलाबदल झालेले. आपल्या ‘बदल’ आणि ‘बदली’ याच धातूतून आल्या. तेव्हा शब्द परका वाटला तरी नात्यातलाच आहे.

त्या वहीत मला अडवले ते आकृत्यांवरच्या अक्षरांनी. बिंदूंना नावे दिली होती अलिफ, बे, जीम, दाल. उर्दू मुळाक्षरे शिकलेल्याला हे खटकायला हवे. मुळाक्षरांत अलिफ, बे नंतर पे, ते येतात, जीम बराच पुढे आहे. मग तिसरा बिंदू जीम का?

उत्तर अवघड नाही, आणि हैदराबादकरांना तर डोळ्यांसमोरच आहे. दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या काचांवर 786 लिहिलेले असते. अक्षरांना अंक देऊन ‘बिस्मिल्ला’च्या सगळ्या अक्षरांची बेरीज केली की तो आकडा येतो. त्या अंकपद्धतीत अक्षरांचा जुना क्रम आहे अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4. म्हणून तिचे नाव अबजद. ग्रीकांचीही अक्षरांना अंक देण्याची रीत अगदी अशीच होती : अल्फा 1, बीटा 2, गॅमा 3, डेल्टा 4. दोन्ही लिप्या एकाच प्राचीन सेमिटिक वर्णमालेच्या लेकी, त्यामुळे क्रम एकच. युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात आपला ग्रंथ रचला, तेव्हा आकृत्यांवर अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा घातले. बगदादमध्ये नवव्या शतकात त्याचे अरबी झाले, तेव्हा अनुवादकांनी अक्षराला अक्षर ठेवले : अलिफ, बे, जीम, दाल. अकराशे वर्षांनी परभणीच्या एका मुलाने ती हैदराबादेत वहीत उतरवली.

आता माझी वही. मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या आकृत्यांवर अ, ब, क, ड असे. मराठी मुळाक्षरांच्या हिशेबाने हाही क्रम विचित्रच आहे. अ नंतर आ हवा, किंवा क नंतर ख हवा. अ ब क ड हे इंग्रजी ए, बी, सी, डी यांचे मराठी सोंग आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण ए, बी, सी, डी आले कुठून? रोमनांकडून, आणि त्यांच्याकडे ग्रीकांकडून. रोमनांचा तिसरा सी म्हणजे मूळचा गॅमाच. तेव्हा आजोबांचा जीम आणि माझा क, दाल आणि ड, हे एकाच अक्षराचे दोन वंशज. आम्ही दोघे एकच आकृती काढत होतो, फक्त ती आमच्याकडे दोन दारांनी आली होती.

या दोन दारांच्या मधे एक तिसरे, थोडे विसरलेले दार आहे, आणि तिथे मराठी माणसाचे नाव घेतले जाते. त्याकडे जाण्याआधी प्रमेयाच्या पोटातली अडचण पाहू, कारण प्रवासभर ती सोबत आहे.

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले सत्ताविसावे विधान म्हणते : व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात. हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. एकोणतिसावे विधान उलटे आहे : रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात. शाळेत आपण दोन्ही एकाच दमात म्हणतो. युक्लिडला मात्र एकोणतिसाव्यासाठी आधी न वापरलेली एक गोष्ट काढावी लागली : पाचवे गृहीतक. एक रेषा दोन रेषांना छेदत असेल आणि एका बाजूचे आंतरकोन मिळून दोन काटकोनांपेक्षा कमी भरत असतील, तर त्या दोन रेषा वाढवत नेल्यावर त्याच बाजूला कुठेतरी भेटतात. म्हणजे हे गृहीतकच मुळात छेदिकेबद्दल आणि तिने केलेल्या कोनांबद्दल आहे. बाकीची चार गृहीतके एका ओळीत मावतात. हे लांबलचक आहे, आणि ‘कुठेतरी भेटतात’ हे कोणी पाहिलेले नाही. बेरीज 180 ला एका केसाने कमी असेल तर भेट हिमायतनगरात होणार नाही, कदाचित हिमालयापलीकडे होईल. न पाहता मान्य करायचे? पुढची दोन हजार वर्षे जाणत्यांना वाटत राहिले की हे गृहीत धरू नये, सिद्ध करावे.

त्या जाणत्यांत उमर खय्याम होता. आपल्या पिढीला तो रुबायांमुळे माहीत, पण या प्रश्नावर त्याने स्वतंत्र लेखन केले. त्याच्यानंतरचा मोठा माणूस नसीरुद्दीन तूसी (1201–1274). इराणातल्या इस्माइली किल्ल्यांच्या आश्रयाला असताना 1248 साली त्याने युक्लिडची नवी अरबी आवृत्ती सिद्ध केली. तिचे नाव ‘तहरीर’. जुन्या भाषांतरांची तुलना, पाठांची निवड, जागोजाग स्वतःची टिपणे, आणि पाचव्या गृहीतकाची स्वतःची सिद्धता. ती सिद्धता टिकली नाही, कारण तिच्या पोटात तेच गृहीतक दुसऱ्या वेषात बसलेले होते. पण पुस्तक टिकले. हिंदुस्थानातल्या मदरशांच्या ‘दर्स-ए-निजामी’ नावाच्या अभ्यासक्रमात तहरीरचा पहिला भाग असे. (हा ‘निजामी’ हैदराबादच्या निजामांचा नव्हे. लखनौच्या फिरंगीमहालातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाचा. आपल्याकडे ही गफलत पुष्कळ होते.)

आता ते तिसरे दार. जयपूरचा सवाई जयसिंह (1688–1743), दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी इथे वेधशाळा बांधणारा. त्याच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने तूसीचा युक्लिड अरबीतून संस्कृतात आणला. ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’. पंधरा अध्याय, 478 प्रमेये. त्याच जगन्नाथाने टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरून ‘सम्राट-सिद्धान्त’ही रचला. ‘रेखागणित’ छापून निघाले ते आपल्या मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये 1901–02 साली, दोन खंडांत. हरिलाल ध्रुव यांनी हाती घेतलेले संपादन कमलाशंकर त्रिवेदी यांनी पुरे केले. ही प्रत उघडून कोणतीही आकृती पाहा. त्रिकोणाचे नाव ‘अबज’. देवनागरी अक्षरे, संस्कृत वाक्य, आणि बिंदू अ, ब, ज, द, ह. अ ब क नव्हे. ग्रंथ कुठल्या भाषेतून आला याचा पुरावा प्रस्तावनेत शोधायला नको, तो आकृतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर लिहिलेला आहे.

जगन्नाथ मराठी होता, असे परंपरेने सांगतात. गोष्ट अशी : जयसिंह शिवाजी महाराजांवर चालून दक्षिणेत आला, तेव्हा वीस वर्षांचा हा हुशार ब्राह्मण तरुण त्याला भेटला. त्याने त्याला सोबत नेले, आणि तिकडे तो अरबी-फारसी शिकला. गोष्ट ऐकायला छान आहे. हिशेब मात्र जमत नाही. पुरंदरावर आलेला तो मिर्झाराजा जयसिंह, साल 1665. वेधशाळा बांधणारा सवाई जयसिंह जन्मला तोच 1688 मध्ये. 1665 ला वीस वर्षांचा असलेला तरुण 1732 च्या सुमारास ‘सम्राट-सिद्धान्त’ लिहीत असेल, तर तो सत्त्याऐंशी वर्षांचा ठरतो. अशक्य म्हणणार नाही, पण दोन जयसिंहांची सरमिसळ झाली, हे मानणे अधिक सरळ आहे. जगन्नाथाचे मूळ महाराष्ट्रातले असेलही. ते नसले तरी आपले काही जात नाही. आपला आग्रह ‘तो आमचा होता’ यापाशी संपतो आणि त्याच्या पुस्तकाचे पान उलटायचे राहून जाते, हे मला जास्त खुपते.

कारण त्या पुस्तकाने जे आणले, ते आपल्या परंपरेत त्या रूपात नव्हते. आपले भास्कराचार्य घ्या. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, म्हणून आपण त्यांना हक्काने आपले म्हणतो. ‘लीलावती’त क्षेत्रव्यवहार आहे, शंकूच्या सावलीची गणिते आहेत, दिव्याची उंची सावलीवरून काढणे आहे. सगळे बिनचूक. पण त्यात छेदिका, व्युत्क्रम कोन, अंश मोजलेला कोन हे येत नाही. काम भागते ते त्रैराशिकाने, बाजूंच्या प्रमाणाने. म्हणजे समांतर रेषांचा सगळा फायदा घेतलेला आहे, पण त्यावर प्रश्न विचारलेला नाही. तो प्रश्न संस्कृतात पहिल्यांदा मांडला गेला तो अरबीच्या वाटेने, जयपुरात. आणि दुर्दैवाने तो तिथेच राहिला. पाठशाळांत ‘रेखागणित’ रुळले नाही.

आमच्या शाळेच्या भूमितीची वंशावळ वेगळी. 1820 च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनियराने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत करवली. पेशवाई जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती. सरकारला मोजणीदार, ओव्हरसियर हवे होते, आणि ते मराठीतून तयार होतील असे जर्व्हिसला वाटत होते. पुढच्या पिढीत बाळशास्त्री जांभेकर, केरो लक्ष्मण छत्रे यांनी हे काम आणखी पुढे नेले. मराठी परिभाषेतली गंमत अशी, की तिने संस्कृत पोथीबरोबर गवंड्या-सुताराचेही ऐकले. जगन्नाथाच्या समकोणाला आपण काटकोन म्हणतो, न्यूनकोणाला लघुकोन आणि अधिककोणाला विशालकोन. काटकोन हा गुण्या आणि ओळंबा हाताळणाऱ्यांच्या तोंडी शोभणारा शब्द आहे. व्युत्क्रम मात्र शुद्ध पंडिती. नातवंडांना तो उच्चारता येत नाही, आणि खरे सांगायचे तर माझीही जीभ अजून अडखळते.

आता आपल्या शहराकडे येऊ. हैदराबादेत पाश्चात्त्य शास्त्रे देशी भाषेत आणण्याचा पहिला मोठा उद्योग विद्यापीठाने नव्हे, एका अमिराने केला. पायगाह घराण्यातले नवाब फखरुद्दीन खान, शम्सुल-उमरा. त्यांनी स्वतःचा शिळाछाप छापखाना काढला, आणि 1840 च्या सुमारास ‘सित्ता-ए-शम्सिया’ नावाने सहा शास्त्रीय पुस्तके इंग्रजीवरून उर्दूत करवली. मुंबईत सरकारी सोसायटी मराठी पुस्तके काढत होती, त्याच वेळी इथे एका हवेलीत उर्दू पुस्तके निघत होती. उर्दूत भूमितीला हिंदसा म्हणतात. तो शब्द फारसी ‘अंदाजा’ पासून, म्हणजे मापापासून, अरबीत गेला. आपला मराठी ‘अंदाज’ त्याचा सख्खा भाऊ. अंदाजाने चालू नये म्हणून जे शास्त्र, त्याचेच नाव अंदाज!

मग 1917–18. सातव्या निजामांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ ठरले, सर्व विषय उर्दूतून शिकवणारे. त्याच्याआधी दारुल-तर्जुमा हे भाषांतरखाते निघाले, मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. 1919 मध्ये वर्ग सुरू झाले. परिभाषा ठरवायला समित्या बसत. एकेका शब्दावर वाद होत. अरबीचा धातू घ्यायचा की बोलीतला शब्द? वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर अख्खे पुस्तक लिहिले. भूमितीपुरता हा वाद सोपा होता, कारण शब्द तयारच होते, तूसीपासून मदरशांत चालत आलेले. इंग्रजी पुस्तकातले प्रमेय उर्दूत आणताना उस्मानियाचे भाषांतरकार नकळत त्याच्या जुन्या घरी परतत होते.

या प्रयोगाबद्दल आपल्या घरांत दोन सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा : इंग्रजीशिवाय वैद्यक, गणित, इंजिनियरिंग शिकवून दाखवले. दुसरा कडवट : आमच्यावर उर्दू लादली. मला दोन्ही खरे वाटतात, आणि एकाने दुसरे पुसता येत नाही. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा होते, तेलुगू त्याहून पुष्कळ जास्त. उर्दू मातृभाषा असणारे थोडे. ‘देशी भाषेत शिक्षण’ हे तत्त्व बरोबर होते, पण देश कोणाचा धरला, हे चुकले होते. परभणीच्या मुलाला मुतबादिला हा शब्द इंग्रजी आल्टरनेटपेक्षा जवळचा का वाटावा? आजोबांना वाटला, कारण त्यांच्या कानावर दखनी होती. खेड्यातून सरळ आलेल्या त्यांच्या सोबत्यांना वाटला नाही, आणि ते मागे पडले. आजोबा हे सांगताना थांबत. विवेकवर्धिनीसारख्या मराठी शाळा याच काळात शहरात उभ्या राहिल्या, केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कष्टांनी. त्या नुसत्या अभिमानापोटी उभ्या राहिल्या नाहीत, व्युत्क्रम कोन आपल्या भाषेत समजावा एवढी साधी गरज त्यांच्या मुळाशी होती.

पुढे 1938 मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातल्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्या मुलांच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या वह्यांबद्दल कोणी बोलत नाही. इथे सगळे उर्दूतून शिकलेले, तिथे विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीतून. जो गणिताचा विद्यार्थी असेल त्याला एका उन्हाळ्यात मुतवाजीचे पॅरलल आणि काते खताचे ट्रान्सव्हर्सल करावे लागले असणार. दहा वर्षांनी, सप्टेंबर 1948 नंतर, तीच पाळी सबंध विद्यापीठावर आली. आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथे राहिलो. आपल्या मुलांच्या कानावर मग तेलुगूतले समांतर रेखलू, तिर्यग्रेखा आणि एकांतर कोणालू पडू लागले. यांतला पहिला शब्द आपलाच, बाकीचे दोन अर्धे ओळखीचे. चाळीस वर्षांत एकाच आकृतीची चार नामकरणे. माझी नात ती आकृती आज इंग्रजीतून सोडवते, ‘एक्स काढा’ एवढेच तिला ठाऊक. महाराष्ट्रातही आता बालभारतीच्या मराठी पुस्तकांत आकृतीवर इंग्रजी अक्षरेच असतात. अ ब क ड संपले. त्याचे मला फारसे दुःख नाही, ते सोंगच होते.

प्रमेयाच्या खात्रीचा प्रश्न मी मागे ठेवला होता. तूसीनंतरही प्रयत्न थांबले नाहीत. 1594 मध्ये रोममध्ये तूसीच्या नावावर एक अरबी युक्लिड छापला गेला, त्यातली सिद्धता ऑक्सफर्डच्या वॉलिसने आपल्या व्याख्यानात चर्चिली. इटलीत साकेरीने 1733 मध्ये, म्हणजे जगन्नाथ जयपुरात लिहीत होता त्याच सुमारास, या प्रश्नावर पुस्तक काढले. शेवटी लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि बोल्याईने 1832 मध्ये दाखवले, की पाचवे गृहीतक न मानताही सुसंगत भूमिती उभी राहते. तिथे एकोणतिसावे विधान खोटे ठरते. म्हणजे गृहीतक सिद्ध न होणे ही कोणाची कमकुवत बुद्धी नव्हती. ते सिद्ध होण्यासारखे नव्हतेच.

पण याची चुणूक त्याआधीच, आपल्या दख्खनच्या जमिनीवर, काही लोकांना रोजच्या कामात लागत होती. कर्नल विल्यम लॅम्ब्टन 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणांची साखळी टाकत निघाला होता. निजामाच्या मुलुखात बीदरजवळ दामरगिद्द्याला 1815 साली त्याने आधाररेषा मोजली, आणि पुढे हैदराबादला मुक्काम केला. जॉर्ज एव्हरेस्ट 1818 च्या अखेरीस त्याला इथेच येऊन मिळाला, पुढे शिखराला ज्याचे नाव दिले गेले तोच. डोंगरमाथ्यांवरून अवजड थिओडोलाइटने कोन मोजायचे आणि तीन कोनांची बेरीज तपासायची. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश, हे आपण सिद्ध कसे करतो? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोनांनी. पण मोठ्या त्रिकोणांत ती बेरीज 180 हून किंचित जास्त भरते. सुमारे 200 चौरस किलोमीटर क्षेत्राला एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. ही यंत्राची चूक नव्हे, पृथ्वीची पाठ गोल असल्याचा परिणाम. मोजणीदार ती वाढ हिशेबात धरत. उत्तर-दक्षिण रेखांशांचेही तसेच : विषुववृत्ताला सगळे काटकोनात छेदतात, कोनांच्या हिशेबाने समांतर, तरी ध्रुवावर भेटतात. हैदराबादच्या तंबूत बसून हे आकडे मांडणाऱ्यांना तत्त्वज्ञान करायचे नव्हते, नकाशा करायचा होता. पण समांतरतेची मर्यादा त्यांच्या कोष्टकात रोज लिहिली जात होती. शतकभराने, 1930 च्या दशकात, उस्मानियात रजीउद्दीन सिद्दीकी गणित शिकवत होते. त्यांनी सापेक्षतेच्या सिद्धांतावर उर्दूत पुस्तक लिहिले. ज्या विश्वात युक्लिडची समांतरता सर्वत्र चालत नाही, त्याचे वर्णन तूसीच्या शब्दांत झाले, आणि तेही आपल्या शहरात.

लॅम्ब्टन हैदराबादहून मुक्काम हलवून नागपूरकडे निघाला आणि वाटेत हिंगणघाटला 20 जानेवारी 1823 रोजी वारला. त्याची कबर तिथे आहे. उस्मानियातून काढलेली मुले गेली ती याच दिशेने. आपल्यापैकी अनेकांचे नातलग नागपुरात आहेत, म्हणून त्याच दिशेचा एक उद्योग सुचवतो. त्याला लागतात दोन काठ्या, एक फोन आणि व्युत्क्रम कोन.

21 मार्चला मीटरभर लांबीची काठी गच्चीवर ओळंबा लावून सरळ उभी करा. नागपूरच्या नातलगाला तशीच करायला सांगा. हैदराबादेत 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होते, नागपुरात मिनिट-दोन मिनिटे आधी. हिमायतनगरात ती सुमारे 31 सेंटिमीटर भरेल, नागपुरात 39 च्या जरा आत. त्यावरून काठी आणि किरण यांच्यातला कोन इथे 17.4 अंश निघतो, तिथे 21.15. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर धरायला हरकत नाही. आपली काठी जमिनीतून खाली पृथ्वीच्या मध्यापर्यंत वाढवली असे समजा, आणि मध्यातून किरणांना समांतर एक रेषा सूर्याकडे काढा. काठी झाली छेदिका. काठीच्या टोकाशी असलेला कोन आणि पृथ्वीच्या मध्याशी असलेला कोन हे व्युत्क्रम, म्हणून समान. नागपूरच्या काठीचेही तेच. दोन कोनांतला फरक 3.75 अंश, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा शहाण्णवावा भाग. नागपूर आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे 416 किलोमीटरवर. 416 ला 96 ने गुणा. 39,936 येतात. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला घेर 40,008 किलोमीटर आहे.

हीच रीत अलेक्झांड्रियात एराटोस्थेनिसने युक्लिडनंतर अर्ध्या शतकाने वापरली होती. तुम्ही वापराल तेव्हा आकृतीवर अ ब क ड घाला, अलिफ बे जीम दाल घाला, की नातीसारखी इंग्रजी अक्षरे घाला, ते ज्याचे त्याने ठरवावे. 21 मार्चला आभाळ असेल तर 23 सप्टेंबरला पुन्हा संधी आहे. तेव्हा मात्र सावली 12 वाजून 8 मिनिटांच्या सुमारास पाहावी लागेल.